तिसऱ्या पिंपातला गंधक

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझं नाक गेलेलं होतं. हे दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. बायकोलाही नाही.

साफ गेलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. आदल्या वर्षी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मला ताप आला. आतल्या खोलीत चौदा दिवस पडून होतो. ताप उतरला तेव्हा वास गेलेला. महिनाभर काहीच नाही. अगरबत्ती नाकाशी धरली तरी नुसता धूर डोळ्यांत जायचा. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आला, पण वाकडा होऊन आला. ज्याला त्याला करपट वास. दूध तापलं की चिंधी जळाल्यासारखं. साबण लावला तरी तेच. आणि घरात कांद्याची फोडणी पडली की असं वाटायचं, कुठं तरी कपाटामागं उंदीर मरून पडलाय. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचो. बायको आतून विचारायची, काय झालं. मी म्हणायचो, उकडतंय.

दुसऱ्या माणसाचं नाक गेलं तर त्याची जेवणाची चव जाते. मी तर नाकावरच जगत होतो. वाशीच्या एपीएमसी मार्केटात, मसाला मार्केटातल्या एका गाळ्यावर, मी सुक्या मेव्याची पारख करायचो. बेदाणा, मनुका, अंजीर, जर्दाळू, खारीक. शाळा माझी चौथीपर्यंत. साताऱ्याकडचा डोंगरातला माणूस. सोळाव्या वर्षी मुंबईला आलो, जुन्या बाजारात पोती वाहिली, मग बाजार खाडीच्या अलीकडे आला तसा मीही आलो. कोपरखैरण्यात, बोनकोड्याच्या अंगाला, माथाडींच्या वस्तीत घर मिळालं. पाठीवर माल वाहता वाहता मला त्याचा वास कळायला लागला. पोतं खांद्यावर आलं की आत काय आहे, कुठलं आहे, कधीचं आहे, हे मी सांगायचो आणि बाकीचे हसायचे. एकदा शेठने ऐकलं. त्यांनी मला पाठीवरून उतरवून गादीशेजारी बसवलं. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. या तीस वर्षांत मार्केटात मला कुणी नावाने हाक मारली नाही. सगळे मामा म्हणतात. शेठसुद्धा.

बेदाणा कसा बघतात ते सांगतो. चार दाणे उजव्या तळहातावर घ्यायचे. डाव्या अंगठ्याने चोळायचे. मग ओंजळ करून आत तोंडाची गरम वाफ सोडायची आणि लगेच वास घ्यायचा. थंड दाणा काही बोलत नाही, ऊब लागली की बोलायला लागतो. मग दाताखाली फोडायचा, चघळायचा आणि थुंकायचा. तासगावकडे बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. त्याने रंग सोन्यासारखा येतो, दाणा काळा पडत नाही. थोडी धुरी चालते. जास्त झाली की माल दिसायला देखणा आणि खायला घसा धरणारा. गिऱ्हाईक डोळ्याने घेतं आणि घरी जाऊन खोकतं. म्हणून गाळ्याला गंधक ओळखणारा माणूस लागतो. आमच्या गाळ्याला मी होतो. शेठ विचारायचे, "मामा, माल काय म्हणतो?" मी हो म्हटलं की खोकी आत जायची, नाही म्हटलं की गाडी परत.

तापानंतर मी काय केलं? नाटक केलं. दाणा उजेडात धरून बघायचो. चिकटपणा बोटाला कळायचा, साल दाताला कळायची. माल कुणी पाठवलाय ते आधी विचारून घ्यायचो. चांगला शेतकरी असला की डोळे मिटून हो म्हणायचो. डोळे तर फारच वेळ मिटायला लागलो. लोकांना वाटलं, मामा म्हातारपणी आणखी बारीक बघायला लागलेत. माझी इज्जत वाढली. त्या पंधरा महिन्यांत मला जितका मान मिळाला तितका आधी कधी मिळाला नव्हता.

एक आधार होता. गंधक नुसता नाकाला कळत नाही, घशाला टोचतो. वाफेबरोबर आत गेला की टाळूच्या मागं बारीक काटा लागतो आणि खोकला येतो. तो काटा मला अजून कळतो असं मला वाटायचं. वाटायचं एवढंच. खात्री उरली नव्हती. करपट वास सगळीकडे असला की त्यात खरं कुठलं आणि आपल्या नाकानं रचलेलं कुठलं, हे माणूस कुणाला विचारणार?

घरी वेगळीच कथा. पहिल्याच आठवड्यात मी ताट सरकवून म्हणालो, "करपवलंस." बायकोने पातेलं उलटं करून दाखवलं. बूड स्वच्छ होतं. मी म्हणालो, "मग तेल खराब असेल." तिने तेल बदललं. मी तरी अर्धी भाकरी टाकली. असं रोज. ती आधी भांडायची, मग विचारायची, मग विचारणंही थांबलं. मला सांगता आलं असतं. पण तिला सांगितलं की ती तिच्या भावाला सांगणार, आणि तिचा भाऊ मार्केटात वारणार, म्हणजे माल उचलणारा कामगार, होता, तो चहाच्या टपरीवर बोलणार. हे कारण मी स्वतःला द्यायचो. खरं कारण असं की एकदा तोंडातून निघालं की ते खरं झालं असतं.

त्या वर्षी गणपतीनंतर शेठचा मुलगा माझ्याकडे आला, मार्केट त्याला छोटे शेठ म्हणतं. पस्तिशीचा माणूस, बोलायला गोड. शेठ कांदा-लसूण खात नाहीत, आणि पोरगा जुईनगरला बार काढायला निघालेला. बापाला त्याने सांगितलं होतं, फॅमिली रेस्टॉरंट आहे.

"मामा, एक काम आहे. तुमच्या नाकाचं."

"कुठला माल?"

"माल नाही. व्हिस्की."

"सोडून वीस वर्षं झाली मला."

"प्यायची कुठं आहे? बघायची. तुम्ही बेदाणा पोटभर खाता काय?"

त्याने मला समजावून सांगितलं. सिंगल माल्ट म्हणून महाग व्हिस्की असते, आपल्या देशातही करतात. ती लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवतात. मग शेवटचं वर्ष-दोन वर्षं ती दुसऱ्या पिंपात ओततात, ज्यात आधी शेरी होती. शेरी म्हणजे परदेशातली द्राक्षाची दारू. ते लाकूड शेरी प्यालेलं असतं, ते व्हिस्कीला देतं. बेदाणा, अंजीर, संत्र्याची साल, लवंग, सगळं त्यात उतरतं म्हणे.

"म्हणजे तुमचंच डिपार्टमेंट," तो म्हणाला. "तीन पिंपांचे तीन नमुने येणार आहेत. त्यातलं एक पूर्ण पिंप आपण घ्यायचं, बाटलीवर आपल्या हॉटेलचं नाव. मी त्या कारखानदाराला सांगून बसलोय, आमच्या मामांसारखं नाक तुझ्या अख्ख्या कारखान्यात नाही. तो म्हणाला, आणा. आता माझी इज्जत तुमच्या नाकावर."

पाय दुखतात म्हणता आलं असतं. शपथ आहे म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "कधी जायचं?"

आणि मनात म्हणालो, मेलास.

जुईनगरचं ते हॉटेल अजून अर्धवट होतं. दुपारी तीनची वेळ. सुतार जेवून भिंतीला टेकून झोपलेले, टेबलांवर प्लास्टिक. मधल्या एका टेबलावर पांढरा कपडा घातलेला आणि त्यावर तीन छोट्या बाटल्या, नुसते आकडे लिहिलेल्या. शेजारी पोटाला फुगीर आणि तोंडाला चिंचोळे असे ग्लास. कारखानदार चाळीस-पंचेचाळीसचा, चष्मेवाला, शिकलेला. त्याने उठून नमस्कार केला.

"या काका. तुमच्याबद्दल फार ऐकलंय."

"ऐकलेलं निम्मंच खरं धरा," मी म्हणालो. तो हसला. मला हसू आलं नाही, कारण तेवढं एक वाक्य मी खरं बोललो होतो.

त्याने ग्लासात बोटभर ओतली आणि सांगायला लागला, ग्लास तिरका धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, नाक खोल घालू नका. मी म्हणालो, "मी माझ्या पद्धतीने बघतो." उजवा तळहात पुढं केला. "इथं ओता."

छोटे शेठ ओशाळले. "मामा, ही हातावर..."

"ओतू द्या, ओतू द्या," कारखानदार म्हणाला. "आमच्याकडचे जुने लोक असंच करतात. स्पिरिट उडून जातं, आतला माल राहतो."

पहिल्या बाटलीचा रंग पातळ मधासारखा. हातावर चोळली, ओंजळ केली, वाफ सोडली. चिंधी. जळकी चिंधी, दुसरं काही नाही. जिभेवर घेतली. आधी गोड, मग कडू, मग जाळ. थुंकायला त्याने एक भांडं ठेवलं होतं, त्यात थुंकलो. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी डोळे मिटून घेतले. काही तरी बोलायला हवं होतं.

"कोवळी आहे," मी म्हणालो. "वेलीवर अजून आठ दिवस राहायला पाहिजे होती."

कारखानदाराने मांडीवर हात मारला. "बरोबर! या पिंपात ती फक्त सात महिने होती."

छोटे शेठची छाती फुगली. माझी मात्र आत घसरण चालू होती. रंग पातळ म्हणून मी म्हणालो होतो, इतकंच. डोळ्याने सांगितलेलं.

गाळ्यावर एका नमुन्यानंतर दुसरा घ्यायच्या आधी हात गोणपाटावर घासून पुसतात. पाण्याने धुवायचा नाही, ओल्या हातावर पुढचा दाणा नीट उमलत नाही. गोणपाट वास ओढून घेतं. नवीन माणसाला मी पहिली गोष्ट हीच शिकवतो. इथं गोणपाट कुठलं? पांढरा कपडा होता, पण त्याला हात पुसायची लाज वाटली. मी खिशातला रुमाल काढून कसाबसा हात घासला.

दुसरी बाटली. पुन्हा चिंधी. जिभेला मात्र फरक कळला. तोंड आवळून आलं, कच्चं केळं खाल्ल्यासारखं. "हिची साल जाड आहे," मी म्हणालो. "बी चावलं गेलंय."

"टॅनिन," कारखानदार छोटे शेठकडे बघून म्हणाला. "लाकडाचा तुरटपणा. काका, तुम्ही उगाच बेदाण्यात अडकलात."

अजून एक पार पडली की सुटलो, असं मला वाटलं. मी इतका खोटा माणूस कधी झालो हेही त्याच वेळी मनात आलं. खोटं बोलताना इतकं सोपं जातंय, हे बघून मला माझीच भीती वाटली.

तिसरी बाटली काकवीसारखी काळपट तांबूस. ग्लासात पडल्याबरोबर छोटे शेठ म्हणाले, "हाच! कलर बघा मामा, कलर!" कारखानदार म्हणाला, "हा आमचा हिरो आहे. तीन वर्षं शेरीच्या पिंपात." दोघांचं आधीच ठरलेलं होतं. मला फक्त मान हलवायची होती.

हातावर घेतली, चोळली, वाफ सोडली, ओढली. चिंधी. आणि चिंधीच्या मागून एक काटा. टाळूच्या मागं, नेमका तिथंच. मला खोकला आला. मी पुन्हा वाफ सोडली. पुन्हा काटा. जिभेवर घेतली, थुंकली, आणि थुंकल्यानंतर घसा धरला तो धरलाच.

मी गप्प राहिलो असतो तर सगळे खूष होते. बार त्यांचा, पिंप त्यांचं, पिणारे त्यांचे. पण पंधरा महिन्यांत पहिल्यांदा काही तरी आपणहून आलं होतं. मी रचलेलं नव्हतं. निदान तसं वाटत होतं. आणि ते गिळून टाकलं असतं तर मी तिथंच संपलो असतो, असं मला झालं.

"यात गंधक आहे," मी म्हणालो.

भिंतीपाशी एक सुतार झोपेत कुशीवर वळला.

"गंधक?" छोटे शेठ हसले. "मामा, हा बेदाणा नाही."

कारखानदार हसला नाही. त्याने ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला, परत नेला. "काका, पिंपं बोटीने येतात तेव्हा बुरशी धरू नये म्हणून आत गंधकाची वात जाळतात, हे खरं आहे. काही पिंपांत तो राहतो आणि सगळा माल बिघडतो. पण आमची पिंपं तशी नाहीत. आम्ही लिहून घेतलंय. आणि मला यात येत नाहीये."

"मला येतोय."

"मला तर मस्त मनुका येतायत," छोटे शेठ म्हणाले.

"मनुकेलाच तर गंधक मारतात! देखणा माल बघितला की आधी गंधक शोधावा, हे तुमच्या वडलांना विचारा."

"पप्पांना मध्ये नका आणू, मामा." त्यांचा आवाज बदलला होता.

कारखानदार शांतपणे म्हणाला, "एक करूया का? राग मानू नका. तुम्ही तोंड फिरवा. मी तिन्ही ग्लास कपड्यात गुंडाळून बदलून ठेवतो म्हणजे रंग दिसणार नाही, आणि हातावर घेताना तुम्ही डोळे मिटा. गंधकवाला कुठला तेवढा दाखवा. दाखवलात तर हे पिंप मी स्वतः कुणाला विकणार नाही."

नाही म्हणायची सोय नव्हती. तीस वर्षं मी मार्केटात छाती काढून सांगत आलो होतो, डोळे बांधून द्या, ओळखतो. मी उठून खिडकीकडे तोंड केलं. बाहेर रिक्षांची रांग होती, एक बाई भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती. मागं काचांचा आवाज झाला. मला वाटलं, खाली उतरावं आणि चालत सुटावं.

"या काका."

पहिला ग्लास. हातावर घेतला, वाफ सोडली. काटा. मला बरं वाटलं, हाच. तरी दुसरा बघितला. काटा. तिसरा. काटा. परत पहिला. काटा आणि चिंधी, चिंधी आणि काटा. तिन्ही एक. आता कळलं, मी स्वतःशी म्हणालो. गंधक बाटलीत नाही, तुझ्या डोक्यात आहे. चिंधी जशी रचलेली तसा काटाही रचलेला. जो एक धागा धरून पंधरा महिने लोंबकळत होतास तो कधीच तुटलेला आहे.

दोघं वाट बघत होते. जिभेने तरी सांगितलं असतं, पण त्या वेळी मला जीभ आठवली नाही. माणूस घाबरला की सवयीच्या हातालाच जातो. मी मधल्या ग्लासावर बोट ठेवलं.

कारखानदाराने ग्लासाखालचा कागद उलटा केला. आकडा एक. ज्याला मी कोवळा म्हणालो होतो तो.

छोटे शेठनी मोबाईल काढून त्यात बघायला सुरुवात केली. कारखानदार चांगला माणूस होता. म्हणाला, "होतं काका. नाक दमतं." तेवढं तो बोलला नसता तर बरं झालं असतं.

"मामा," छोटे शेठ मोबाईलमधून वर न बघता म्हणाले, "तुम्हाला तो ताप आला होता ना. त्यानंतर वास पूर्ण आला ना परत? नाही, माझ्या साल्याचा गेला होता, म्हणून विचारलं."

"माझ्या नाकाला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "तुमचे ग्लास घाण आहेत."

हे मी बोललो. लखलखीत धुतलेल्या ग्लासांसमोर उभं राहून बोललो. मग चप्पल घातली. छोटे शेठ गाडी काढतो म्हणाले, मी हात उडवला. उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला तो तसाच. का कोण जाणे, तो हात कुणाला दिसू नये असं वाटत होतं.

बस मिळाली, खिडकीही मिळाली. घरापर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. उद्या सकाळी उठून कुठं जायचं? वर्षानुवर्षं मी पाचला उठतो. अंघोळ, चहा आणि मार्केट. मार्केट काढलं तर अंघोळीनंतर काय? मार्केटात मला ओळखतात ते मामा म्हणून. तिथून उठलो तर मी साताऱ्याकडचा एक चौथी शिकलेला म्हातारा, ज्याला जेवण गोड लागत नाही. वस्तीच्या स्टॉपवर उतरायचं विसरलो. शेवटपर्यंत गेलो आणि तिथून चालत मागं आलो. चालताना दोनदा थांबलो. दम लागला नव्हता. पुढं जायचं कारण सापडत नव्हतं.

बायको ओट्यावर मेथी निवडत बसली होती. उजेड अजून होता. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, काही न विचारता आत गेली आणि तांब्या घेऊन आली. मी खिशातून हात काढून तांब्या घेतला. ती तशीच वाकून राहिली.

"आवो, पुन्यांदा बिड्या सुरू केल्या?"

"काय?"

"लपवू नका. हाताला काडीचा वास येतुया."

"कसली काडी?"

"आगपेटीची वो. वढलेल्या काडीचा. पोरं फटाकड्या उडवत्यात तसला."

मी तांब्या खाली ठेवला. पाणी सांडलं. तळहात तिच्या तोंडासमोर धरला. "नीट घे. परत घे."

तिने परत वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "दारूबी प्यालाय. वीस वर्सांनी. आन वर काडीचा वास. त्यात काय हुंगायचं?"

मी ओट्यावर बसून राहिलो. हात. मी हात पुसला नव्हता. तिसऱ्या बाटलीनंतर वादावादी झाली, मी तावातावाने बोलत होतो, रुमाल खिशातच राहिला. तिसऱ्या पिंपाचा गंधक हातावर घेऊन मी पुढचे तीन ग्लास तपासले. मग तिन्हींत गंधक येणार नाही तर काय. नवीन माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात ती चूक. मी सबंध मार्केटला शिकवलेली. काटा खरा होता. मी चुकलो होतो.

मला हसू आलं आणि ते थांबेना. बायको घाबरली. "चढलीया का? माझ्या भावाला बोलवू का?"

"कुणाला बोलवू नको," मी म्हणालो. आणि मग सांगून टाकलं. ताप, चिंधी, फोडणी, उंदीर, डोळे मिटून हो म्हणणं, जुईनगर, सगळं. सांगताना मी मेथीच्या जुडीकडे बघत होतो. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या. एवढी वर्षं ती तेच म्हणत आलेली आहे.

ती माझ्या शेजारी ओट्यावर टेकली. मग म्हणाली, "म्हंजी माझं जेवान करपत नव्हतं?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"म्या तवा बदलला," ती म्हणाली. "त्येल बदललं. भनीला फोन करून इचारलं, माझ्या हाताला काय झालंय गं. पंधरा म्हयनं तुमी घास उचलला की म्या तुमच्या तोंडाकडं बगायची. सोताचं ताट न्हाई बगितलं. आन तुमी हितं नाकाची इज्जत राखत व्हता."

मी म्हणालो, "चुकलं."

"त्या शेटच्या पोराम्होरं न्हाई म्हनलासा चुकलं. हितं म्हनताय, हितं सोपं हाय."

मेथी तशीच टाकून ती आत गेली. चूल म्हणजे गॅस तिने त्या संध्याकाळी पेटवला नाही. थोड्या वेळाने सकाळची भाकरी आणि ताकाचा पेला माझ्यासमोर आदळला. "ह्याला कसला वास न्हाई. खावा." ती स्वतः जेवली नाही. मी भाकरी कुस्करून ताकात घातली आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा ताटात काही उरलं नाही, आणि ते तिने बघितलंही नाही.

गंधक खरा निघाला याचा आनंद मला व्हायला हवा होता. थोडा झालाही, घटकाभर. मग त्याच काट्यावरून मन दुसरीकडे गेलं. एक काटा शिल्लक आहे म्हणून काय झालं? बुरशी त्या काट्याने कळत नाही. खवट अक्रोड कळत नाही. ओलं गोदाम, जुना माल नव्यात मिसळलेला, औषध मारलेलं अंजीर, यातलं काही काही कळत नाही. त्या सगळ्याला मी डोळे मिटून हो म्हणत आलो होतो. तो माल कुणाकुणाच्या घरी गेला असेल, कुणाच्या खिरीत, कुणाच्या बाळंतिणीच्या लाडवात. ते परत आणता येत नव्हतं. पण थोडा अजून गाळ्यात पडून होता.

सकाळी पाचला उठलो. बायकोने चहा ठेवला आणि पाठ फिरवली. मार्केटात पोचलो तेव्हा गाळ्याचं शटर नुकतंच वर गेलं होतं. छोटे शेठ पायरीवर उभे होते. मला बघून त्यांनी खालच्या आवाजात म्हटलं, "मामा, काल टेन्शन घेतलंत उगाच."

"तिसऱ्या पिंपात गंधक आहे," मी म्हणालो. "माझं सोडा. आमच्या घरातून सांगितलंय, नाक त्यांचं चांगलं आहे. ते पिंप घेऊ नका."

ते मागं गादीकडे बघत म्हणाले, "ते काल संध्याकाळीच फायनल केलं, मामा. तिसरंच. आणि प्लीज, पप्पांसमोर यातलं काही नको."

"यातलं नाही बोलत," मी म्हणालो आणि आत गेलो.

शेठ देवाला दिवा लावत होते. मी ते होईपर्यंत उभा राहिलो. मग म्हणालो, "शेठ, पंधरा महिने झाले, मला वास येत नाही. तापात गेला. मी तुम्हाला फसवत आलोय."

शेठ हातातली काडी विझवायची विसरले. "मामा, सकाळी सकाळी मस्करी?"

"मस्करी नाही."

"अरे, पण आता तासाभरात गाडी येते. माल कोण बघणार?"

मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, आतल्या अंधाऱ्या बाजूला गेलो, आणि डोळे मिटून हो म्हटलेली जेवढी खोकी आठवली तेवढी एकेक करून थप्पीतून ओढून बाहेर उजेडात आणायला लागलो.